मनोऱ्यावर मशीनगन

बापाच्या हातावर पहार घालणारी मुलगी, हीच आमच्या वस्तीत हेनची ओळख. पन्नास वर्षं उलटून गेली तरी तीच. नवी सून घरात आली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला कोपराने ढोसून सांगतं, "ती बघ, तीच ती." पहार बसली तेव्हा मी हेनच्या मागे दोन पायऱ्या खाली उभी होते. माझ्या खांद्यावर मशीनगनीच्या तिवईचा एक पाय होता. म्हणून मी सांगते ते पाहिलेलं आहे. बाकीच्यांचं ऐकीव.

हेनचा बाप ख्वात आमच्या चर्चची घंटा वाजवायचा. त्याच्या आधी त्याचा बाप वाजवायचा. फ्रेंच पाद्र्यांनी शंभर वर्षांपूर्वी बांधलेलं लाल विटांचं चर्च, नदीच्या वळणावर, हायफाँग बंदराच्या धक्क्यापासून जेमतेम चारशे पावलांवर. मनोऱ्यात दोन घंटा, एक थोरली, एक धाकटी. ख्वात अंगाने काटकुळा, बोलायला कमी आणि हात उगारायला पुढे. लहानपणी हेन घंटेच्या दोराला लोंबकळताना सापडली की त्याच दोराच्या टोकाने तिची पाठ सोलून काढायचा आणि मग स्वतःच तिच्या वळांवर हळद चोपडत बसायचा. दोन्ही कामं सारख्याच तोंडाने करायचा.

चौपन्न साली देशाचे दोन तुकडे झाले, आमची उत्तर कम्युनिस्टांकडे गेली आणि आमच्या धर्माची माणसं जथ्याजथ्याने दक्षिणेला निघाली. बोटी आमच्याच बंदरातून सुटायच्या. वस्तीतल्या दर तीन घरांतली दोन रिकामी झाली. हेन तेव्हा पाच वर्षांची, तापाने फणफणलेली. तिची आई नऊ वर्षांच्या थिनला, हेनच्या भावाला, घेऊन बोटीवर चढली. ख्वात तिला म्हणाला, "पोरीचा ताप उतरला की पुढच्या बोटीने येतोच."

ताप चार दिवसांत उतरला. पुढची बोट आली, त्याच्या पुढचीही आली. ख्वात गेला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "घंटा कोण वाजवील? तुझा बाप?" मग सरहद्द बंद झाली आणि पत्रसुद्धा येईना.

बारा-तेरा वर्षांची असताना हेनने त्याला तोंडावर विचारलं होतं, "तुम्ही माझ्यासाठी राहिलात की घंटेसाठी?" त्याने तिच्या थोबाडीत दिली.

मोठी झाल्यावर ती धक्क्यावर हमालीला लागली. पुरुष लढाईवर गेलेले, त्यामुळे जहाजं आम्ही बायकाच रिकामी करायचो. मी, थेऊ, तिच्याच गटात होते. ती तेवीस वर्षांची, मी वीस. पोत्याला अडकवायचा लोखंडी आकडा तिच्या कमरेला कायम लटकलेला असे. राग आला की तिचा हात आधी त्या आकड्यावर जायचा, जीभ नंतर हलायची.

अमेरिकन विमानं पासष्टपासूनच येत होती. मध्ये तीन-चार वर्षं थांबली. बहात्तरच्या उन्हाळ्यात परत आली ती बंदराचा एकदाचा काटा काढायचाच असं ठरवून आल्यासारखी. शहराचा भोंगा वाजायचा, पण नदीवरच्या होड्यांना आणि वस्तीतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यांना तो ऐकू जात नसे. म्हणून भोंगा झाला की ख्वात थोरली घंटा बडवायचा. विमानं डोक्यावर आली तरी दोर सोडायचा नाही. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने स्वतःच अंगावर घेतलेलं काम होतं ते.

एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत क्रेनवाला आमच्याजवळ येऊन टेकला. उकडलेल्या गव्हाच्या पिठाचा गोळा चावत म्हणाला, "काय गं क्रूसवाले, तुझा म्हातारा घंटा बडवून विमानांना पत्ता सांगतो म्हणतात?"

हेन म्हणाली, "परत बोल."

"बोलतो की. तुमची सगळी आळी बोटीत बसून पळाली. एकटा तुझा बाप का मागे राहिला? खबर द्यायला कुणीतरी ठेवायला नको का इथे?"

सगळे हसले. त्यांचं हसू पुरतं संपलंही नव्हतं, तोवर आकडा त्याच्या खांद्यात शिरला होता. माशाच्या कल्ल्यात बोट घालून उचलावं तसं हेनने त्याला त्या आकड्यावर जमिनीवरून उठवलं. आम्ही दोघीतिघींनी मिळून तिचे हात सोडवले. क्रेनवाला लहान पोरासारखा रडत होता आणि रक्त त्याच्या पिठाच्या गोळ्यावर ठिबकत होतं.

बंदराच्या कमिटीपुढे तिला उभं केलं. तुरुंगच व्हायचा, पण लाम मध्ये पडला. लाम आमच्या हमाल बायकांच्या मशीनगनीचा प्रमुख. फ्रेंचांशी लढताना त्याची दोन बोटं गेली होती, आणि उरलेल्या तिनांनी तो आमच्यातल्या कुणाहीपेक्षा चपळाईने काडतुसांचा पट्टा भरायचा. तो कमिटीला म्हणाला, "ही मला द्या." आणि बाहेर आल्यावर हेनला म्हणाला, "पोरी, एवढा राग माणसांवर वाया घालवू नकोस. आकाशात पुष्कळ जागा आहे."

अशी ती मशीनगनीवर आली. गोळी ती झाडायची, पट्टा मी सरकवायची आणि पेट्या आणून द्यायची वान. वान सतत हसणारी, दात पुढे आलेले. "मी मेले तर तोंड मिटून पुरा गं मला," असं म्हणायची.

आमची मशीनगन दोन गोदामांच्या मधल्या चौकात होती. वर आकाशाची एक पट्टी तेवढी दिसायची. विमान दिसायचं आणि जायचं, मध्ये एक शिंक यावी एवढाच वेळ. सात वेळा हल्ला झाला, सातही वेळा हेनने त्या रिकाम्या पट्टीत गोळ्या ओतल्या आणि नंतर तापलेल्या नळीला शिव्या घातल्या. आठव्या वेळी बॉम्ब गव्हाच्या गोदामावर पडला. छप्पर उडालं, भिंत आमच्या बाजूला कलली आणि हजारो मण गहू चौकात ओसंडून आला. मी आणि हेन मशीनगनीच्या लोखंडी ढालीआड वाचलो. वान पेटी आणायला गेली होती. तिला उकरून काढलं तेव्हा तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. नाकात, तोंडात, घशात गहू कोंबलेला. हेनने बोट घालून तो काढायचा प्रयत्न केला. दाणे संपतच नव्हते. शेवटी लामने तिचा हात धरला.

तेव्हा हेनने मान वर केली. पडक्या भिंतीच्या जागेतून आता आमच्या चर्चचा मनोरा दिसत होता. विमानं नदीच्या वळणावरून खाली यायची, ते वळण बरोबर त्या मनोऱ्याच्या पायाशी.

ती म्हणाली, "लामकाका, तिथून त्यांची पोटं दिसतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाम आम्हा दोघींना आणि मशीनगनीचे तुकडे घेऊन आमच्या फादर दोआनकडे गेला. फादर म्हातारे, अंगावर मांस उरलं नव्हतं. ते म्हणाले, "नाही म्हटलं तर मी शत्रूचा माणूस ठरतो. हो म्हटलं तर तिकडे वर काय सांगू? किल्ली ख्वातकडे आहे. त्याला विचार." आणि ते वेदीपुढे गुडघे टेकून बसले. आम्ही निघेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

ख्वात मनोऱ्याच्या दारात उभाच होता. दाराला चार पायऱ्या, वर जाड लाकडी फळ्या आणि तळहाताएवढं कुलूप.

लाम म्हणाला, "ख्वातभाऊ, मुलं मरतायत."

"वर घंटा आहेत. घंटेच्या डोक्यावर बंदूक बसत नाही."

"बाबा, बाजूला व्हा," हेन म्हणाली. तिच्या हातात पहार होती.

"तू कोण?"

"वान मेली. तोंडात गहू भरून मेली."

"मग वाजवली ना तिच्यासाठी घंटा. माझं काम तेवढंच."

"तुमचं काम! तुमच्या कामापायी माझी आई गेली, भाऊ गेला. दोर सोडून दुसरं काही धरलंत का कधी हातात?"

ख्वातने उजवा पंजा कुलपावर सपाट ठेवला. "मार."

हेनने मारली. नंतर ती मला म्हणाली, तिला वाटलं होतं की तो हात काढून घेईल. त्याने काढला नाही. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. मनगटाच्या खाली त्याचा हात भलत्याच दिशेला लोंबला. त्याने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या हाताने गळ्यातली किल्ली ओढून तिच्या पायांशी टाकली.

"कुलूप कशाला मोडतेस?" तो म्हणाला. "जुनं आहे. आता असं मिळत नाही."

आणि तिथेच पायरीवर बसून तो ओकला.

चौऱ्याऐंशी पायऱ्या आम्ही मशीनगनीचे तुकडे वाहून नेले. जिना मनोऱ्याच्या एका कोपऱ्यात, गोल गोल वर जाणारा, एका वेळी एकच माणूस मावेल असा. घंटांच्या वर सपाट गच्ची होती, कमरेएवढा कठडा, आणि शहराच्या बाजूला पुरुषभर उंचीचा सिमेंटचा क्रूस. लामने नळी फिरवून पाहिली. क्रूसाच्या अंगाला ती अडत होती.

"हा कापावा लागेल," तो म्हणाला.

हेन म्हणाली, "त्याला हात लावलात तर मीच तुम्हाला खाली ढकलेन."

लामने तिच्याकडे पाहिलं. बापाचा हात मोडून ती वर आली होती, अजून अर्धा तास झाला नव्हता. तो म्हणाला, "राहू दे. ते नदीकडूनच येतात." आणि विषय संपला.

अकरा दिवस आम्ही त्या गच्चीवर काढले. ख्वातचा हात फळीला बांधून गळ्यात अडकवला होता. तो डाव्या हाताने घंटा वाजवायचा, रोजच्या प्रार्थनेच्या तिन्ही वेळा. ताल चुकायचा, आणि खाली वस्तीत सगळ्यांना कळायचं का चुकतो ते. रोज तो जिन्याच्या तळाशी भाताच्या वाट्या ठेवून जायचा. पहिल्या दिवशी दोनच होत्या, माझी आणि लामची. हेनने माझ्यातला अर्धा खाल्ला आणि वाटी भिंतीवर फोडली. तिसऱ्या दिवशीही दोनच. चौथ्या दिवशी तीन आल्या, आणि तिसरीत भातावर खारवलेल्या माशाचा एक तुकडा होता. हेनने तो तुकडा बराच वेळ नुसता बघितला. मग खाल्ला. खाली जाऊन बापाशी बोलली मात्र नाही. मी म्हटलं, "जा की, हाताची चौकशी तरी कर." तर म्हणाली, "तो विचारेल, कशाला आलीस. मग मी काय सांगू?"

अकराव्या दिवशी, दुपारच्या घंटेच्या वेळेला, भोंगा झाला.

ख्वातचे ठोके दुपारच्या प्रार्थनेचे होते, ते तसेच पुढे धोक्याचे झाले. पायांखालची गच्ची थरथरत होती. पहिली दोन विमानं नदीवरून आली, एवढी खाली की पाण्यावर त्यांची सावली विमानाएवढीच मोठी दिसली. हेन म्हणाली होती ते खरं होतं. त्यांची पोटं दिसली. तिने घोडा दाबला. पट्टा माझ्या हातातून सळसळत गेला, तळवे भाजले. पहिलं निसटलं. दुसऱ्याच्या पंखाच्या मुळाशी ठिणग्या उडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. मग काळ्या धुराची एक शेपूट निघाली. ते विमान तसंच वाकडं होत समुद्राकडे गेलं. पडलं की नाही, देव जाणे. हेन किंचाळत होती. तो आनंद होता असं मी म्हणणार नाही. वानचं नाव घेऊन ती शिव्या देत होती.

तेवढ्यात लाम ओरडला, "मागे! मागे!"

तिसरं विमान शहराच्या बाजूने आलं, क्रूसाच्या मागून. हेनने मशीनगन गर्रकन फिरवली आणि नळी क्रूसावर आदळून थांबली. तिने पुन्हा आदळली. सिमेंटचा टवका उडाला. क्रूस हलला नाही. विमानाच्या गोळ्या कठड्यावरून शिवत गेल्या. लामची छाती फुटली आणि तो एक शब्द न बोलता बसल्यासारखा खाली आला. माझ्या मांडीत काहीतरी शिरलं. तापलेली सळई घुसावी तसं वाटलं, नंतर काहीच नाही. हेनने मला पाठीवर टाकलं आणि ती जिन्यात शिरली.

खालून घंटा वाजतच होती. ती पायऱ्यांवरून धावत ओरडत होती, "बाबा, दोर सोडा! बाहेर पळा! बाबा!" घंटेच्या दणक्यातून तिचा आवाज खाली कसा जाणार?

बॉम्ब चर्चच्या खांद्याशी पडला. आम्ही जिन्यात अर्ध्यावर होतो. मनोऱ्याचा वरचा निम्मा भाग मोडला, घंटा तुळयांसकट आतल्या पोकळीतून खाली गेल्या. कोपऱ्यातला जिना तेवढा उभा राहिला. आम्ही त्यात होतो म्हणून मी आज बोलते आहे.

हेनने मला अंगणात आडवं केलं आणि परत आत गेली. चर्चच्या आत आडोशाला सात माणसं बसली होती. त्यांतली चार मेली, त्यात लुआमावशीचा नवरा होता. लुआमावशी कावडीत चूल आणि पातेलं घालून खेकड्याच्या रश्शातल्या शेवया विकायची. त्या वेळी ती बाजारात होती.

हेन नखांनी विटा उपसत होती. मी पालथी पडून, सरपटत तिच्यापर्यंत गेले. ख्वात छातीपर्यंत गाडला गेला होता. जिवंत होता. तोंडावर विटांची लाल भुकटी, त्यात डोळे तेवढे ओले.

"घंटा?" त्याने विचारलं.

"पडली," हेन म्हणाली. उपसणं चालूच.

"फुटली?"

"थोरली फुटली."

मग म्हणाला, "मग कशाला उकरतेस?"

"गप्प बसा. गप्प बसा तुम्ही."

तिच्या दोन बोटांची नखं उपटून आली होती. तिने अजून तीन-चार विटा काढल्या, आणि त्याच्या गळ्यात बांधलेला मोडका हात बाहेर आला. तो बाहेर आला तेव्हा माणूस संपला होता.

लामला बंदरवाल्यांनी नेलं. आमची प्रेतं एकाच दिवशी पुरली, पाच पेट्या ओळीने. फादरनी प्रार्थना संपवली तशी लुआमावशीने पायातली लाकडी चप्पल काढली आणि हेनच्या तोंडावर मारली. एकदा नाही. हेन हात खाली सोडून उभी राहिली. ओठ फाटला, एक दात मातीत पडला. एरवी आकडा उपसणारी ही बाई, पण त्या दिवशी तिने मानसुद्धा मागे घेतली नाही. लुआमावशी दमली तेव्हा थांबली. म्हणाली, "आजपासून माझ्या दारावरून जाऊ नकोस. माझ्याशी बोलू नकोस. मेलीस तर मी तुझ्यासाठी हात जोडणार नाही."

आणि वस्ती लुआमावशीच्या मागे गेली. मनोऱ्यावर मशीनगन नसती तर चर्च वाचलं असतं, असं निम्म्या लोकांचं मत. बंदर चारशे पावलांवर, बॉम्ब पडायचाच होता, असं उरलेल्यांचं. पण ते उरलेलेही हेनशी बोलत नव्हते, कारण लुआमावशीच्या शेवया सगळ्यांनाच खायच्या होत्या. विमान पाडल्याचं प्रशस्तिपत्र कमिटीने दिलं, तेही मशीनगनींच्या तीन ठाण्यांमध्ये वाटून, कारण तिघांनीही तेच विमान आपण पाडलं म्हणून सांगितलं होतं. रविवारी हेन चर्चच्या अंगणात यायची. छप्पर गेलेल्या जागेवर ताडपत्री टाकून मिस्सा, म्हणजे रविवारची सामूहिक प्रार्थना, व्हायची. ती आत जायची नाही. ढिगाऱ्यातल्या विटा एकेक साफ करून रचत बसायची, मिस्सा संपेपर्यंत. पाच वर्षं हे चाललं. मी लंगडत तिच्याशेजारी जाऊन बसायची. त्यापायी मलाही शेवया मिळत नव्हत्या.

लढाई संपली. दक्षिणेची गाडी सुरू झाली आणि सत्याहत्तर साली एका रविवारी, मिस्सेच्या वेळीच, थिन आला. बत्तीस वर्षांचा, पायांत रबरी चपला, हातात कापडी पिशवी. अंगणात उभा राहून मोडक्या मनोऱ्याकडे बघत होता. हेनने त्याला बापाच्या हाडापेरावरून ओळखलं.

"थिनदादा?"

"हेन?" तो हसला. मग म्हणाला, "आई एकोणसत्तरला गेली. शेवटपर्यंत विचारत होती, पुढची बोट आली का. बाबा कुठे आहेत?"

"नाहीत. इथेच गेले. मनोरा अंगावर पडला."

"बॉम्ब?"

बॉम्ब म्हटलं असतं तर खोटं नव्हतं. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण, हो म्हण.

ती म्हणाली, "मी वर मशीनगन चढवली. ते आडवे आले तर मी त्यांचा हात मोडला. मग विमानांनी मनोरा उडवला. ते खाली दोर धरून होते."

थिनच्या हातातली पिशवी गळून पडली. त्याने तिच्या पोटात लाथ घातली. ती विटांच्या रचलेल्या ढिगावर कोसळली. ढीग ढासळला. तो तिच्या छातीवर बसला आणि दोन्ही मुठींनी मारू लागला, रडत रडत, "तेवीस वर्षं! तेवीस वर्षं आम्ही तिकडे..." एवढंच परत परत. पहिले काही ठोसे हेनने खाल्ले. मग तिच्या अंगातली जुनी हेन जागी झाली. तिने त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की मांस निघालं, आणि अर्धी वीट उचलून त्याच्या कानावर घातली. दोघं रक्ताने माखून मातीत लोळत होते. मिस्सा थांबली. माणसं दारात येऊन उभी राहिली. कुणी पुढे झालं नाही. थिनने तिचा गळा धरला. तिचे डोळे पांढरे व्हायला लागले. मी काठीने त्याच्या पाठीत मारत होते, पण माझ्या मारात काय जोर?

तेवढ्यात माणसांना बाजूला सारत लुआमावशी आली. हातात तिच्या कावडीचा बांबू. तिने तो थिनच्या पाठीवर असा हाणला की बांबू उभा चिरला. तो उलथा पडला. तिने दुसरा हाणला.

"तिला मारायचा हक्क आमचा आहे!" ती ओरडली. "तुझा नाही! माझा नवरा मेलाय. तू कोण? बोटीत बसून गेलास तू!"

"ती माझी बहीण आहे..." थिन कण्हला.

"मग पाच वर्षं कुठे होतास? त्याआधी वीस वर्षं कुठे होतास? म्हाताऱ्याची पेटी हिने उचलली. पुढून हिने आणि मागून या लंगडीने. आला मोठा मारणारा!"

लुआमावशी हेनजवळ वाकली, तिच्या तोंडातली माती बोटाने काढली आणि खेकसली, "उठ. रुमाल लाव तोंडाला. मिस्सा खोळंबली आहे आत."

हेन उठली नाही. तिला उठता येत नव्हतं. मग त्या साठीच्या बाईने तिला बगलेत धरून आत नेलं. पाच वर्षांनी हेन त्या उंबऱ्याच्या आत गेली. थिन बाहेर विटांवर बसून राहिला. फादरनी अडलेल्या ओळीपासून मिस्सा पुढे सुरू केली.

लुआमावशीने तिला माफ केलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच दिवशी ती हेनला म्हणाली, "काल बोलले म्हणून रोज बोलेन असं समजू नकोस." पण शेवयांचा वाडगा पुढे केला. खेकडा कमी घातला होता, तेवढंच.

थिन परत गेला नाही. तो गवंडीकाम शिकलेला होता. एका कानाने तो कायमचा बहिरा झाला, आणि त्याच्या मनगटावर हेनच्या दातांचा ठसा शेवटपर्यंत राहिला. दोघांनी मिळून मनोरा परत बांधला. आधी परवानगी मिळेना, मग सिमेंट मिळेना, त्यामुळे त्याला चौदा वर्षं लागली. बांधताना रोज भांडायचे. तो चुना कमी पडला म्हणून ओरडायचा, ती वीट वाकडी बसली म्हणून ओरडायची, आणि तो बहिरा कान तिच्याकडे करून काम करत राहायचा. थिन गेला त्याला आता आठ वर्षं झाली.

हेन आज पंच्याहत्तरी ओलांडून पुढे आहे. पर्यटक येतात, मनोऱ्याचे फोटो काढतात. वरच्या विटा फिकट का, असं कुणी विचारलं तर ती सरळ सांगते, जसं थिनला सांगितलं होतं तसंच. ऐकणारे मोबाईल खाली करतात.

मागच्या महिन्यात एक तरुण फोटोसाठी बुटांसकट वेदीवर चढून बसला. हेनने त्याला कान धरून खाली ओढलं आणि अशी एक थोबाडीत दिली की त्याचा चष्मा प्रार्थनेच्या बाकांखाली गेला. त्याने तक्रार केली. नवे फादर तरुण आहेत, नातवाच्या वयाचे. ते म्हणाले, "आजी, हात उचलायचा नसतो हो. निदान पापाच्या कबुलीला तरी या."

शनिवारी ती गेली. मी बाहेर बाकावर बसले होते. मागे रांग लागली, बायका घड्याळं बघायला लागल्या. पाऊण तासाने ती पडदा सारून बाहेर आली.

मी म्हटलं, "एका थोबाडीला पाऊण तास?"

"मागचंही थोडं बाकी होतं," ती म्हणाली. "चल लवकर. बाजारातली खेकडेवाली उठून जाईल."